गुलामगिरीच्या काळात पात्र पाठवताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या विज्ञानकथा मी गेली अकरा वर्षं वाचते आहे. जून उजाडला की गठ्ठे यायला लागतात. दर गठ्ठ्यात एक तरी कथा अशी असते, जिचा नायक पुण्यातून नाहीतर न्यू जर्सीतून उठतो आणि थेट अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या काळात जाऊन पडतो. विषय मला जवळचा, म्हणून या कथा मी आधी काढून वाचते. आणि बहुतेकदा तिसऱ्या पानावर थांबते.

प्रवाशाला काहीच होत नाही

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारी. नायकाच्या खिशात परतीची सोय असते. तो हिंडतो, बघतो, हळहळतो, मळेवाल्याला चार शब्द सुनावतो आणि घरी येतो.

दोन वर्षांपूर्वी आलेली एक कथा अजून डोक्यातून जात नाही, कारण तिची भाषा फार चांगली होती. नायक कोथरूडचा, सावळा, तिशीतला. १८४० च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात पोचतो. रस्त्याने चालत गावात जातो, खाणावळीत जेवतो, दुकानदाराशी गप्पा मारतो. मी लेखकाला फोन केला आणि विचारलं, "याच्याकडे कागद कोणता आहे?"

"कसला कागद, ताई?"

मेरीलँडमध्ये १८०५ च्या कायद्यापासून स्वतंत्र काळ्या माणसांना स्वातंत्र्याचा दाखला काढावा लागे. त्यावर नाव, उंची, रंग, अंगावरचे व्रण लिहिलेले. गुलामगिरी असलेल्या राज्यांत काळ्या कातडीचा माणूस गुलामच धरला जाई, नाही हे त्याने सिद्ध करायचं. शेजारच्या वॉशिंग्टन शहरात तर कागद नसलेल्या माणसाला पळालेला समजून तुरुंगात घालत, आणि तुरुंगाचा खर्च भरून निघावा म्हणून विकतही.

"पण तो भारतीय आहे ना," लेखक म्हणाला. त्याने काय फरक पडला असता? अठराव्या शतकातल्या व्हर्जिनिया-मेरीलँडच्या कागदपत्रांत 'ईस्ट इंडियन' म्हणून नोंदलेले नोकर आहेत आणि गुलामही आहेत. रस्त्यात अडवणाऱ्याला कोथरूड माहीत नव्हतं. त्याला कातडी दिसत होती.

गुलामगिरीतून सुटून पुढे लेखक आणि वक्ता झालेला फ्रेडरिक डग्लस ३ सप्टेंबर १८३८ ला बाल्टिमोरहून रेल्वेने पळाला, तेव्हा अंगात खलाशाचे कपडे होते आणि खिशात दुसऱ्या माणसाचा, उसना कागद. त्या कागदावरचं वर्णन डग्लसशी जुळत नव्हतं. डब्यातल्या माणसाने कागद नीट वाचला असता, तर सगळं तिथेच संपलं असतं. तुमच्या नायकाचा श्वास एकदाही असा अडकत नसेल, तर तो त्या काळात गेलेलाच नाही.

लेखक गप्प झाला. मग म्हणाला, "पण मग कथा पुढे कशी सरकणार?" मी म्हटलं, अरे, ती आता सुरू होईल.

यावर माझी एक सवय आहे. पात्र पळालं तर मालक वर्तमानपत्रात कोणती जाहिरात देईल, ती मी आधी एका पोस्टकार्डावर लिहिते. खऱ्या जाहिराती वाचून ही सवय लागली. ऑक्टोबर १८४९ ची एक आहे. हॅरी, बेन आणि मिंटी ही तीन भावंडं पळालेली. मिंटी सुमारे २७ वर्षांची, रंग तपकिरी, दिसायला चांगली, उंची सुमारे पाच फूट. राज्याबाहेर सापडल्यास प्रत्येकी १०० डॉलर, राज्यात सापडल्यास ५०. ही मिंटी म्हणजे पुढे इतर गुलामांना पळून जायला मदत करणारी, हॅरिएट टबमन म्हणून जगाला माहीत झालेली बाई. मालकिणीला तिच्याबद्दल जे ठाऊक होतं ते एवढंच.

कोथरूडच्या नायकाची जाहिरात त्या लेखकाकडून मी तीनदा लिहून घेतली. पहिल्या दोन्हीत त्याचं शिक्षण आणि स्वभाव होता. तिसरीत आलं: "उजव्या भुवईवर चेंडू लागल्याची खूण. दात उत्तम. हात मऊ, कामाची सवय दिसत नाही." तिथे पहिल्यांदा मला त्या पोराची भीती वाटली. कथा छापली.

सगळीकडे कापूस

मेरीलँडच्या पूर्व किनाऱ्यावर पात्रांना कापूस वेचायला लावू नका. तिथे गहू आणि मका होता.

१८०८ नंतर आफ्रिकेतून उघडपणे आलेलं जहाज

१ जानेवारी १८०८ पासून गुलामांच्या आयातीवर कायद्याने बंदी होती. पुढचा व्यापार देशातल्या देशात चाले. व्हर्जिनिया-मेरीलँडची माणसं दक्षिणेला विकायची. आईची पोरापासून ताटातूट दाखवायची असेल, तर ती या व्यापारात दाखवा.

प्रत्येक प्रसंगात चाबूक

चौथ्या चाबकाला वाचक पान उलटतो. डग्लसने आपल्या बालपणातली थंडी लिहिली आहे. वर्षाला दोन जाड सदरे, पायात काही नाही, रात्री मक्याच्या पोत्यात शिरून झोपायचं. पाय एवढे उलले होते, की आत्ता लिहितो आहे ती लेखणी त्या भेगांत मावेल, असं तो म्हणतो. हे एकदा वाचा आणि मग आपली वर्णनं तपासा.

यंत्राची तीन पानं

अमेरिकन लेखिका ऑक्टाव्हिया बटलरच्या १९७९ च्या 'किंड्रेड' या कादंबरीत कालप्रवासाचं यंत्र नाहीच. १९७६ च्या कॅलिफोर्नियातली काळी बाई चक्कर येऊन मेरीलँडच्या मळ्यावर पोचते आणि शेवटी एक हात गमावून परत येते. कसं गेली, हे कोणी विचारत नाही.

तारीख घाईत टाकणं

ही चूक मी स्वतः केली आहे. नऊ वर्षांपूर्वी मुदत संपत आली म्हणून दोन रात्रींत एक कथा लिहून काढली. माझी नायिका १ जानेवारी १८६३ ला मेरीलँडच्या एका शेतावर पोचते. लिंकनचा गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा निघालेला, घंटा वाजताहेत, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत. कथा छापून आली, लोकांना आवडली. मग एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. चार ओळी, अक्षर सुंदर. जाहीरनामा फक्त यादवी युद्धात बंड केलेल्या भागांना लागू होता, मेरीलँडने बंड केलं नव्हतं, तिथली माणसं १ नोव्हेंबर १८६४ ला राज्याची नवी घटना लागू झाल्यावर मोकळी झाली.

बावीस महिने. तेवढा काळ ती माणसं पहाटे उठून दुसऱ्याच्या शेतावर राबत होती आणि मी त्यांना नाचवत होते. केंटकी आणि डेलावेअरमध्ये तर डिसेंबर १८६५ उजाडावा लागला. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. आता लिहायच्या आधी वहीत एक पान आखते: राज्य, परगणा, वर्ष, कोणता कायदा, कोणतं पीक. नवे लेखक म्हणतात एवढा वेळ कुठे आहे, सिनेमे पाहिलेत की. सिनेमा पाहून लिहिलेली कथा मला दुसऱ्या परिच्छेदात कळते. सहा महिने द्या, नाहीतर दुसरा विषय घ्या.

पूर्वज सहज सापडणं

काळ्या नायिकेला दप्तरात खापरपणजीचं नाव पटकन मिळतं, हे खोटं आहे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. मालकाचं नाव, आणि खाली वय, लिंग, रंग. गुलामांची नावं जवळजवळ कुठेच नाहीत. त्या सगळ्यांची नावं पहिल्यांदा येतात ती १८७० मध्ये. वंशावळ शोधणारे याला भिंत म्हणतात, आणि कालप्रवासाची खरी गरज तिथेच आहे. भिंतीपलीकडे जायला दुसरा रस्ता नाही. शिवाय व्हर्जिनियाच्या १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या स्थितीत जन्मायचं, आई गुलाम तर मूलही गुलाम, बाप कोणीही असो. म्हणजे भिंतीपलीकडे भेटणारा पूर्वज मळ्याचा मालकही असू शकतो. नायिकेने त्याला वाचवायचं की मरू द्यायचं? ही गाठ चार संवादांत सोडवलेली कथा मी परत पाठवते.

अमेरिकाच का?

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हा त्यांची नजर इथल्या शूद्रातिशूद्रांवर होती. आपले लेखक मात्र समुद्र ओलांडतात आणि घर विसरतात. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणी आणि बटकींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या नोंदी आहेत. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर लहानपणी विकला गेलेला हबशी होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या रुआ दिरेइता रस्त्यावर घोड्यांबरोबर माणसांचाही लिलाव होई, त्यात मोझांबिकहून आणलेली माणसं असत. म्हापशाहून बसने निघालेली एखादी मुलगी त्या रस्त्यावर उतरते, अशी कथा अकरा वर्षांत माझ्याकडे आलेली नाही. येईल तेव्हा मी ती सगळ्यात आधी वाचेन.