जुन्या बुलेटची क्लच वायर : गॅरेजात नव्याने आलेल्यांसाठी

गॅरेजात नव्या पोराच्या हाती येणारं पहिलं काम म्हणजे क्लच वायर. जुनी काढ, नवी घाल, लिव्हरला प्ले (थोडी मोकळी चाल) दे, गाडी सोड. पुष्कळ गाड्यांवर ते एवढ्यात निभतंही. पण कास्ट आयर्न इंजिनाची, उजव्या पायात चार गिअर असलेली जुनी बुलेट स्टँडवर चढली की तेच काम अंगावर येतं. पाना-पक्कड धरता येते आणि क्लच कसा चालतो हे ठाऊक आहे, असं धरून सांगतो.

वायर आणायला जाताना जुनी सोबत न्या. नुसतं ‘बुलेटची द्या’ म्हणू नका. आउटरची (वरच्या नळीची) लांबी, आतली वायर किती बाहेर येते आणि दोन्ही टोकांचे निपल (वायर अडकवायचे धातूचे गोळे), तिन्ही जुळवून घ्या. जुनी ओढून काढण्याआधी तिच्या टोकाला सुतळी बांधा, म्हणजे टाकीखालची वाट हरवत नाही. नवी बसली की हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. फिरवताना प्ले बदलला तर वायर कुठेतरी ताणली जातेय.

आता खरी अडचण. मी याच जागी अडकलो होतो, आणि अजूनही नवी पोरं इथेच अडकताना बघतो.

या बुलेटचा क्लच डावीकडे, प्राइमरी चेनच्या केसमध्ये. वायर मात्र उजवीकडे गिअरबॉक्सला येते. मधे गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून जाणारा पुश रॉड आहे. वायर आतला आर्म ओढते, आर्म रॉड ढकलतो, रॉड प्लेटा सोडवतो. म्हणजे ढिलाई दोन ठिकाणी असते : एक वायरमध्ये, दुसरी आर्म आणि रॉड यांच्यामध्ये, ती आतल्या एका स्क्रूने कमीजास्त होते. हाताला लिव्हरवर जाणवतो तो एकच प्ले, आणि त्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही. आतला स्क्रू जास्त घट्ट असेल तर रॉड सतत प्लेटांवर रेटलेला राहतो, पण वायर ढिली ठेवली की लिव्हरला छान प्ले लागतो. उलट आतला स्क्रू फार सैल असेल आणि तुम्ही ती ढिलाई वायर ताणून भरून काढली, तरी लिव्हर हाताला तसाच लागतो. पण आर्मची निम्मी चाल वाया जाते आणि प्लेटा पूर्ण सुटत नाहीत. दोन वेगळे आजार, लिव्हर एकसारखा.

प्लेटा सुटत नसतील तर ते ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला कळतं : गाडी पुढे रेटते, न्यूट्रल लागत नाही, मालक न्यूट्रल फाइंडरवर, म्हणजे न्यूट्रल पाडायच्या वेगळ्या लिव्हरवर, टाच आपटत बसतो. प्लेटा सरकत असतील तर घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही. तेही बहुतेक इंजिन तापल्यावर, कारण तापून रॉड लांबतो आणि उरलीसुरली फटही मिटते. गॅरेजच्या दारात मारलेल्या चकरेत यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून क्रम पाळा. इंजिन थंड हवं. आधी वायरचे सगळे ॲडजस्टर पूर्ण ढिले करा, वायर लोंबकळू द्या. मग गिअरबॉक्सच्या कव्हरवरचं छोटं झाकण काढा, चेकनट सैल करा, स्क्रू रॉडला हलकेच टेकेपर्यंत आत घ्या आणि तिथून पाव ते अर्धा फेरा मागे. स्क्रू जागेवर धरूनच चेकनट आवळा, नाहीतर तोही सोबत फिरतो. बोटाने आर्म हलवून पाहा, किंचित खुळखुळला पाहिजे. हे झाल्यावरच वायर ताणा आणि लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर फट ठेवा. हा क्रम उलटा केलात तर सगळं परत करावं लागेल, आणि मधल्या काळात गिऱ्हाइकाच्या प्लेटा जळतील. त्यांचा खर्च वायरच्या कित्येक पट असतो.

घाबरू मात्र नका. हात बसला की हे सगळं चहा येईपर्यंत होतं.

स्क्रूचा निपल लावून तुटलेली वायर चालवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. रस्त्यात अडकलात तर घरी पोचण्यापुरता ठीक, पण तो लावून गाडी गिऱ्हाइकाला देणं म्हणजे फसवणूक. वायर बहुधा लिव्हरजवळच्या निपलपाशीच तुटते, कारण निपल आपल्या जागेत फिरत नाही आणि दर दाबाला तारा तिथेच वाकतात. तिथे ग्रीस लावाच. साध्या आउटरच्या वायरीत बसवण्याआधी तेल सोडा : वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधा, त्यात तेल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. आपल्या ठाण्याच्या पावसात कोरडी वायर आतून गंजते. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या वायरीत मात्र जाड ग्रीस कोंबू नका, ती जड होते.

उस्तादाबद्दल एकच सांगतो. जो तुमच्या हातातला पाना घेऊन ‘बघ, असं’ म्हणत दोन मिनिटांत काम उरकतो, त्याच्याकडून वेग दिसतो, काम येत नाही. जो गप्प उभा राहून तुम्हाला झाकण परत उघडायला लावतो, त्याच्या शिव्या खा पण त्याला सोडू नका.

गाडी देताना मालकाला आठवड्याभराने परत यायला सांगा. नवी वायर आणि आउटरची टोकं थोडी बसतात, प्ले वाढतो. तो वाढलेला प्ले फक्त वायरच्या ॲडजस्टरने काढा, झाकण उघडायचं नाही.