साथीच्या काळात संगीताची शिकवणी: समोर बसून आणि ऑनलाइन

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात समूहगायनाची अडीच तासांची तालीम झाली. आलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले. काहींचा कोविड तपासणीत सिद्ध झाला, बाकीच्यांची लक्षणं तीच होती. बोलण्यापेक्षा गाताना श्वासातले सूक्ष्म थेंब जास्त बाहेर पडतात, आवाज चढला की आणखी वाढतात आणि बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. म्हणून सतरंजी धुण्याआधी खोलीतल्या हवेचं बघा.

गच्ची किंवा अंगण असेल तर वर्ग तिथेच घ्या. खोलीच वापरायची असेल तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा आणि एकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा. अगरबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहा. तो विद्यार्थ्याकडून तुमच्याकडे येत असेल तर बसायच्या जागा बदला. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, स्प्लिट एसी तीच हवा परत फिरवतो. खोलीत श्वासातून सोडलेली हवा किती साठली ते कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर कळतं. तो मिळाला तर आकडा ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) आत ठेवा.

एका वेळी एकच विद्यार्थी, अर्धा तास शिकवणी, मग पंधरा मिनिटं खोली रिकामी आणि खिडक्या उघड्या. दोघांत दोन मीटर अंतर हवं, तेही तिरकं बसून. गाताना सैल कापडी मास्क श्वासाबरोबर तोंडात ओढला जातो. ताठ, कपासारखा एन-९५ बरा. तबला, सतार, हार्मोनियम मास्क लावून आरामात शिकवता येतात. बासरीचं तसं नाही. फुंकरीतली बरीच हवा छिद्रावरून थेट पुढे जाते, त्यामुळे ती उघड्यावर नाहीतर ऑनलाइनच शिकवावी, आणि एकाची बासरी दुसऱ्याच्या ओठाला कधीच लागू नये.

हार्मोनियम सामायिक असेल तर वाजवण्याआधी आणि नंतर साबणाने वीस सेकंद हात धुवा. वाद्यावर सॅनिटायझर फवारू नका: अल्कोहोलने लाखेचं पॉलिश विरघळतं. तबल्याच्या शाईलाही (कातड्यावरचा काळा गोल लेप) ओल चालत नाही, तेव्हा हात पूर्ण कोरडे करूनच बसा.

ताप, खोकला किंवा घशात खवखव असेल तर त्याच वेळेचा वर्ग ऑनलाइन घ्या, फी बुडू देऊ नका. फी बुडणार असेल तर लोक लक्षणं लपवतात.

ऑनलाइन वर्गात एकत्र गाण्यावाजवण्याचा हट्ट सोडा. आवाज जायला-यायला वेळ लागतो. तुम्ही टाळी दिलीत आणि विद्यार्थी तिच्यावर अचूक आला, तरी तुम्हाला तो मागेच ऐकू येणार. तो लयीत कच्चा आहे म्हणून त्याला रागावू नका. तानपुरा, लेहरा (तबल्याच्या साथीला फिरत राहणारी धून) किंवा मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं अॅप) त्याच्याकडे, दुसऱ्या फोनवर लावा. तुम्ही एक ओळ म्हणा, थांबा, मग त्याने म्हणावी.

तानपुरा सुरू होतो आणि थोड्याच वेळात नाहीसा होतो, ही नेहमीची तक्रार. अॅप सलग सुराला गोंगाट समजून कापतं. झूममध्ये ऑडिओ सेटिंगमधला ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा आणि मीटिंग सुरू झाल्यावर तो चालू आहे ना ते पुन्हा पाहा. विद्यार्थ्याच्या बाजूलाही हेच करायला हवं. नुसतं तुमच्याकडे करून भागत नाही. एको कॅन्सलेशन (प्रतिध्वनी कापण्याची सोय) बंद केलंत तर हेडफोन हवाच, नाहीतर आवाज घुमतो. हेडफोन वायरचा असावा, ब्लूटूथने उशीर आणखी वाढतो. गाणाऱ्याने एक कान मोकळा ठेवावा, म्हणजे स्वतःचा सूर कळतो.

तबल्यासाठी कॅमेरा थोडा वरून, दोन्ही पुड्या (वाजवायची कातडी तोंडं) आणि बोटं दिसतील असा लावा. गाण्यासाठी तो चेहऱ्यापासून पोटापर्यंत दिसेल इतका लांब हवा, कारण श्वास कुठून घेतला जातोय ते तुम्हाला बघायचं असतं.

मींडेचा (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) बारकावा किंवा बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घिस्सा (तळहात घासून काढलेला घुमारा) कॉलवर नीट पोहोचत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याने आदल्या दिवशी फोनवर दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून पाठवावं. तुम्ही ते हेडफोन लावून ऐका आणि कितव्या सेकंदाला काय सुधारायचं ते लिहून कळवा.