ऑन्टारिओत शहराच्या आराखड्यावर आपले म्हणणे कसे मांडावे

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात जवळच्या मोकळ्या जागेवर बांधकामाच्या प्रस्तावाची पाटी लागली, की माणसे सिटी हॉलला फोन करू लागतात. तोवर बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्या रस्त्यावर उंच इमारती याव्यात की नाही, हे शहराचा ऑफिशियल प्लॅन, म्हणजे मुख्य आराखडा, बदलला तेव्हाच ठरून गेलेले असते. त्या वेळच्या सभेला त्या रस्त्यावरचे कोणी गेलेले नसते. म्हणून पहिला सल्ला हाच: बोलायचे असेल तर आराखड्याच्या वेळी बोला, इमारतीच्या वेळेची वाट पाहू नका.

महाराष्ट्रात १९६६च्या नगररचना कायद्याखाली विकास आराखड्यावर 'हरकती व सूचना' मागवतात. ऑन्टारिओत हेच काम 'प्लॅनिंग अ‍ॅक्ट'खाली चालते. मतदानाला नागरिकत्व लागते, म्हणणे मांडायला लागत नाही. कायद्याने घ्यावयाच्या सार्वजनिक सभेला जो कोणी येईल, त्याला बोलण्याची संधी द्यावी लागते. पीआर (कायम रहिवासी) असो, वर्क परमिट असो, विद्यार्थी असो की भाडेकरू, कोणालाही बोलता येते. 'आपण इथले मतदार नाही' म्हणून आपली बरीच मंडळी गप्प बसतात. त्याचे कारण नाही.

आधी पायरी ओळखा

सर्वांत वर प्रांताचे धोरणपत्र, 'प्रोव्हिन्शियल प्लॅनिंग स्टेटमेंट'. सध्याचे २० ऑक्टोबर २०२४पासून लागू आहे आणि शहराला त्याच्याशी सुसंगतच राहावे लागते. त्याखाली शहराचा ऑफिशियल प्लॅन, म्हणजे कुठे घरे, कुठे दुकाने, कुठे शेती आणि साधारण किती दाटी. त्याखाली झोनिंग बाय-लॉ, म्हणजे शहराचा जमीनवापराचा नियम: नेमकी उंची, हद्दीपासूनची अंतरे, पार्किंग. सर्वांत खाली एकेका जागेचे साइट प्लॅन (जागेवर इमारत कशी बसेल याचा नकाशा) आणि झोनिंगच्या नियमांतून मागितलेल्या छोट्या सवलती.

ब्रॅम्प्टन, मिसिसागा, कॅलेडन इथल्या वाचकांनी एक बदल लक्षात ठेवावा. १ जुलै २०२४पासून पील, हॉल्टन आणि यॉर्क या रीजनांकडे (अनेक शहरांच्या वरच्या प्रादेशिक संस्थांकडे) नियोजनाचे अधिकार उरले नाहीत. रीजनचा जुना आराखडा मात्र रद्द झाला नाही. शहर तो बदलत किंवा मागे घेत नाही, तोपर्यंत तो त्या शहराचाच आराखडा मानला जातो. म्हणून या शहरांत दोन्ही कागद वाचावे लागतात, आणि पत्र रीजनला नव्हे, शहराला पाठवावे लागते.

काही बाबतींत मत विचारलेच जात नाही, तेही आधी पाहा, म्हणजे श्रम वाचतील. पाणी-सांडपाण्याची जोडणी असलेल्या बहुतेक निवासी प्लॉटवर आता तीन घरांपर्यंत हक्काने परवानगी आहे. त्यामुळे शेजाऱ्याने बेसमेंटमध्ये स्वतंत्र घर काढले तर त्यावर सुनावणी होत नाही. साइट प्लॅनवर जनतेचे मत घेणे कायद्याने बंधनकारक नाही. नव्या प्लॉटपाडणीच्या आराखड्यासाठी सार्वजनिक सभेची सक्ती २०२२च्या 'बिल २३'ने काढली. प्रांताच्या मंत्र्याने थेट झोनिंग आदेश काढला, तर त्याआधी नोटीस वा सभा घेण्याचे बंधन नाही.

नोटीस गाठायची कशी

ऑफिशियल प्लॅन नव्याने लागू झाल्यावर दहा वर्षांच्या आत आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासावा लागतो. या फेरतपासणीच्या सुरुवातीला काउन्सिल (शहराची निवडून आलेली परिषद) एक खास सभा घेते, 'काय बदलायला हवे' एवढ्याच विषयावर. तिची सूचना दोन वेगवेगळ्या आठवड्यांत छापावी लागते आणि शेवटची सूचना सभेच्या किमान ३० दिवस आधी यावी लागते. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेत ही सभा सर्वांत मोलाची, कारण तेव्हा मसुदा लिहिलेलाच नसतो. पुढे मसुदा येतो, मग ओपन हाउस, आणि त्यानंतर किमान सात दिवसांनी औपचारिक सार्वजनिक सभा. सभेची नोटीस किमान २० दिवस आधी द्यावी लागते.

एकेका जागेच्या रीझोनिंगलाही, म्हणजे झोनिंग बदलण्याच्या अर्जालाही, तेच २० दिवस. नोटीस १२० मीटरच्या आतल्या मालमत्ताधारकांना टपालाने जाते आणि जागेवर पाटी लागते. किंवा शहर वर्तमानपत्राचा मार्ग निवडते. छोट्या सवलतीच्या अर्जाला ६० मीटर आणि १० दिवस. इथे भाडेकरू हमखास सुटतात, कारण पत्र मालकाला जाते. सात किंवा अधिक घरांच्या इमारतीत मालकाने ती नोटीस सगळ्यांना दिसेल अशी लावणे अपेक्षित असते. लॉबीत दिसली नाही, तर मॅनेजरकडे मागा.

टपालावर भिस्त ठेवू नका. शहराच्या वेबसाइटवर प्लॅनिंग विभागाच्या ईमेल यादीत नाव घाला. टोरांटोत अर्जांचा ऑनलाइन नकाशा आहे, त्यात पत्ता टाकून आसपासचे चालू अर्ज पाहता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे: शहराच्या क्लार्कला (नोंदी आणि सभा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी कळवा की 'या फाइलवरच्या निर्णयाची नोटीस मला हवी.' एका ओळीचा ईमेल पुरतो. तो न पाठवल्यास निर्णय झाल्याचे तुम्हाला कळवले जाईलच असे नाही.

कागद कुठले वाचायचे

अर्जासोबत अहवालांचा गठ्ठा असतो. सगळे वाचू नका. प्लॅनिंग रॅशनेल आधी घ्या. अर्जदाराच्या मते ही इमारत धोरणात का बसते, ते त्यात असते. धोरणांचे क्रमांक तिथेच सापडतात आणि तुमच्या पत्राला तेच लागणार आहेत. उंचीची काळजी असेल तर सावलीचा अभ्यास पाहा. टोरांटोत तो २१ मार्च, २१ जून आणि २१ सप्टेंबर या तारखांसाठी तासातासाने दाखवतात. वाहतुकीच्या अहवालात मोजणी कोणत्या दिवशी केली ते पाहा. शाळेच्या सुट्टीतली मोजणी असेल तर सकाळचा खरा लोंढा त्यात दिसत नाही, आणि हा नेमका, तपासता येणारा मुद्दा ठरतो. सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा अहवाल कंटाळवाणा असतो, पण ज्यांच्या तळघरात पाणी शिरते त्यांनी तोच वाचावा.

आराखड्याच्या मसुद्यावर बोलायचे असेल तर मजकुराआधी नकाशे उघडा. रंग आणि रेषा जमिनीचे भवितव्य सांगतात. सबवे, एलआरटी (हलकी रेल्वे) किंवा गो (उपनगरी रेल्वे) स्टेशनपासून साधारण ५०० ते ८०० मीटरच्या पट्ट्यात दाट बांधकाम अपेक्षित असते. आपले घर त्या रेषेच्या आत आहे का, हे पाहिल्याशिवाय पत्राला हात घालू नका.

पत्र

प्लॅनर, म्हणजे शहराचा नियोजन अधिकारी, शेवटी काउन्सिलला अहवाल देतो आणि त्यात लोकांच्या म्हणण्याचा गोषवारा असतो, अनेकदा तक्त्यात: एका रकान्यात मुद्दा, दुसऱ्यात उत्तर. तुमचा मुद्दा त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून यायला हवा. म्हणून एका परिच्छेदात एकच मुद्दा घ्या. वर फाइल क्रमांक. मग तुमचा संबंध काय, तुम्हाला काय दिसले आणि कोणत्या पानावर, कोणत्या धोरणाशी ते विसंगत, आणि नेमका काय बदल हवा. दोन पाने पुरतात. पत्र इंग्रजीत पाठवायचे असते, पण आधी मराठीत मुद्दे काढून घेतले तर विचार नीट लागतो. उदाहरणादाखल एक परिच्छेद असा होईल:

'मी या जागेपासून सुमारे २०० मीटरवर भाड्याने राहतो. येथे निवासी इमारत यायला माझी हरकत नाही. सावलीच्या अभ्यासातील पान १२ नुसार २१ मार्चला दुपारी १ ते ३ या वेळेत उत्तरेकडील शाळेचे मैदान पूर्ण सावलीत जाते. खुल्या जागांना ऊन मिळावे असे आराखड्याचे धोरण आहे (क्रमांक सोबत). उत्तर बाजूचे वरचे चार मजले मागे सरकवावेत आणि सुधारित अभ्यास काउन्सिलसमोर ठेवावा.'

'हे होऊ देऊ नका' या वाक्यावर प्लॅनरला काही करता येत नाही. 'वरचे चार मजले मागे सरकवा' यावर करता येते. सांडपाण्याची क्षमता अपुरी असेल तर 'होल्डिंग' मागा. त्यात झोनिंग मंजूर होते, पण त्यापुढे 'एच' हे अक्षर राहते आणि ठरलेली अट पुरी होईपर्यंत बांधकाम अडते. ही मागणी शहराला मान्य करणे सोपे जाते, कारण 'नाही' म्हणावे लागत नाही.

काय चालत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवे. घराची किंमत उतरेल, हा नियोजनाचा मुद्दा धरला जात नाही. तिथे कोण राहायला येईल, भाडेकरू येतील, विद्यार्थी येतील, अमुक समाजाचे येतील, हे तर बोलूच नये. माणसांचे आपसातले नाते पाहून झोनिंग करायला प्लॅनिंग अ‍ॅक्टच मनाई करतो, आणि मानवाधिकार संहिता वेगळी आहेच. जे आपल्याबद्दल कोणी बोललेले आवडणार नाही, ते आपण दुसऱ्याबद्दल नोंदीत घालू नये. शिवाय अशा एका वाक्याने पत्रातले बाकीचे चांगले मुद्देही हलके होतात.

एकाच मजकुरावर दोनशे सह्या असलेला अर्ज चुकीचा नाही, पण त्यात मुद्दा एकच असतो. दहा शेजाऱ्यांनी दहा वेगळ्या बाबींवर आपापल्या शब्दांत लिहिलेली पत्रे जास्त उपयोगी. सगळी पत्रे सार्वजनिक नोंदीत जातात, तेव्हा फोन नंबर, मुलांची नावे, आजारपण यांचा उल्लेख टाळा. आणि समर्थनाचे पत्रही लिहा. एखाद्या आराखड्यात परवडणारी घरे किंवा चांगला फुटपाथ असेल, तर ते आवडले असे सांगणारे फार थोडे असतात.

सभेत

क्लार्कच्या कार्यालयात नाव आधी नोंदवा. मुदत आणि ऑनलाइन बोलण्याची सोय नोटिशीवर असते. टोरांटोच्या समित्यांत सहसा पाच मिनिटे मिळतात, आणि वक्ते खूप असले तर वेळ कमी करतात. म्हणून तीन मिनिटांचे बोलणे तयार ठेवा आणि मुख्य मागणी पहिल्या ३० सेकंदांत सांगा. पत्र वाचून दाखवू नका, ते सदस्यांपुढे असतेच. नकाशावरची एक जागा, एक फोटो, एक मागणी, एवढेच पुरे. आई-वडील बोलणार असतील आणि दुभाषी हवा असेल, तर क्लार्कला काही दिवस आधी विचारा.

काउन्सिलरला सभेच्या आदल्या रात्री नव्हे, अर्ज दाखल झाल्या झाल्या भेटा. कायद्याने सक्तीची नसलेली जादा शेजारसभा तो घडवून आणू शकतो. वेळेचेही गणित आहे: रीझोनिंगवर शहराने ९० दिवसांत आणि ऑफिशियल प्लॅनच्या दुरुस्तीवर १२० दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्जदार थेट ऑन्टारिओ लँड ट्रिब्यूनलकडे, म्हणजे असे वाद निकाली काढणाऱ्या प्रांताच्या न्यायाधिकरणाकडे, जाऊ शकतो. 'अजून अभ्यास करा' म्हणत प्रकरण लांबवले, तर निर्णय शहराच्या हातून जाण्याचा धोका असतो.

निर्णयानंतर

बाय-लॉ मंजूर झाल्यावर १५ दिवसांत नोटीस निघते आणि अपिलाला त्या नोटिशीपासून २० दिवस मिळतात. लोकांच्या म्हणण्याचा निर्णयावर काय परिणाम झाला, हे त्या नोटिशीत थोडक्यात लिहावे लागते. ते वाचा, तुमचा मुद्दा कुठे गेला हे तिथे कळते.

मोठा बदल २०२४च्या जूनमध्ये, 'बिल १८५'ने झाला. त्याआधी सभेत बोललेला शेजारीही ट्रिब्यूनलकडे अपील करू शकत असे. आता ऑफिशियल प्लॅन आणि झोनिंगवरचे अपील मुख्यतः अर्जदार, सार्वजनिक संस्था, कायद्याने नेमून दिलेल्या काही संस्था, मंत्री आणि ज्यांच्या जमिनीला तो आराखडा वा बाय-लॉ लागू होतो असे नोंदणीकृत मालक, यांच्यापुरते उरले. त्या मालकांनीही निर्णयाआधी लेखी किंवा तोंडी म्हणणे मांडलेले असावे लागते. तुमचीच जमीन त्या रेषेच्या आत असेल, तर एका परिच्छेदाचे का होईना, पत्र वेळेत जाऊ द्या. छोट्या सवलतींवरचे शेजाऱ्यांचे अपील त्याआधीच, २०२२मध्ये बंद झाले.

डेव्हलपरने अपील केले तर शेजाऱ्याला 'पार्टिसिपंट' होण्याची विनंती करता येते. त्यात फक्त लेखी निवेदन देता येते, तोंडी बोलता येत नाही.

इतर प्रांतांत

ब्रिटिश कोलंबियात आराखड्याच्या वेळीच बोलण्याकडचे हे वळण आणखी ठळक आहे. शहराच्या ऑफिशियल कम्युनिटी प्लॅनशी सुसंगत आणि किमान निम्मे क्षेत्र निवासी असलेल्या प्रकल्पाच्या रीझोनिंगवर सार्वजनिक सुनावणी घेण्यास २०२३अखेरच्या दुरुस्तीने मनाईच केली. तिथे बोलायची जागा म्हणजे कम्युनिटी प्लॅनची सुनावणी. ती बंद झाल्यावर काउन्सिल नवी पत्रे घेत नाही, म्हणून पत्र सुनावणीआधीच पोचले पाहिजे. अल्बर्टात आराखड्याच्या बाय-लॉवर दुसऱ्या वाचनाआधी सुनावणी होते. कॅल्गरीत शहरभरच्या रीझोनिंगवरची सुनावणी २२ एप्रिल २०२४ला सुरू झाली आणि अनेक दिवस चालली. मॉन्ट्रियलमध्ये २००२पासून एक स्वतंत्र कार्यालय सल्लामसलत घेते: आधी माहितीची सभा, मग किमान २१ दिवसांनी लोकांचे म्हणणे ऐकण्याची. मधल्या दिवसांत निवेदन लिहायचे असते, आणि त्यासाठी माहितीच्या सभेत प्रश्न विचारून उत्तरे टिपून घ्यावीत.