पिंजऱ्यातून सोडवलेल्या कोंबड्या घरच्या कळपात मिसळताना : दसरा ते संक्रांत या काळासाठी सल्ला

अंड्यांच्या फार्मवरची कोंबडी साधारण ७२ ते ८० आठवड्यांची झाली की तिचे अंडी देण्याचे प्रमाण उतरते आणि ती 'कल' म्हणून काढली जाते. बहुतेक कोंबड्या तिथून थेट चिकनच्या दुकानात जातात. परंतु त्यांतल्या चार-सहा सोडवून घरच्या गावरान कोंबड्यांबरोबर पाळावयाच्या असतील, तर आपल्या कोल्हापूर भागात दसऱ्यानंतरचे दिवस त्यासाठी चांगले. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या पावसात खुराड्यातली गादी, म्हणजे तळाशी पसरलेला तुसाचा थर, सुकत नाही, आणि ओल्या गादीवर रक्ती हगवणीचा जोर वाढतो. नव्या-जुन्यांची झुंज सर्वांनाच दिसते आणि सगळी काळजी तिचीच केली जाते. माझ्या अनुभवात मात्र कळप उद्ध्वस्त होतो तो घाईने आत आणलेल्या रोगामुळे.

कोंबड्या आणताना पाय बांधून, उलट्या लोंबकळत्या गाडीवर आणू नयेत. वर्षभर अंड्यांच्या कवचासाठी स्वतःच्या हाडांतला चुना खर्च झाल्याने या कोंबड्यांची हाडे ठिसूळ झालेली असतात आणि पायाला हिसका बसला तरी मोडतात. प्राण्याला विनाकारण वेदना होतील अशा रीतीने त्याची ने-आण करणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्यानुसार गुन्हाही आहे. डालग्यात किंवा भोके पाडलेल्या खोक्यात तळाशी पोते अंथरून आणाव्यात, आणि उचलताना दोन्ही हातांनी, पंख अंगाशी धरून उचलाव्यात.

आणल्यानंतर पूर्ण ३० दिवस त्यांना घरच्या कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे, तेही शक्यतो ३०-४० फूट अंतरावर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस. फार्मवरच्या कोंबडीचे लसीकरण झालेले असते, त्यामुळे ती स्वतः ठणठणीत दिसत असताना राणीखेत या जीवघेण्या साथरोगाचा विषाणू किंवा सर्दीचे जंतू बाळगून असू शकते. लस न टोचलेल्या गावरान कोंबड्यांत तोच विषाणू शिरला, तर दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. म्हणून नव्या कोंबड्या आणण्याच्या किमान १५ दिवस आधी घरच्या कळपाला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने राणीखेतची लस द्यावी. रोजचे खाणे-पाणी आधी घरच्यांना आणि नंतर नव्यांना द्यावे, दोन्हीकडची भांडी वेगळी ठेवावीत आणि नव्यांकडे जाण्यासाठी एक जुनी चप्पल बाजूलाच काढून ठेवावी. एका वर्षी दहाव्या दिवशी सगळ्या तरतरीत दिसतात म्हणून मी त्यांना सोडून दिले होते. आठवड्याभरात घरच्या दोन तलंगांचे (तरुण कोंबड्यांचे) डोळे सुजले, नाकातून घाण वासाचा स्राव येऊ लागला, आणि त्यांतली एक वाचली नाही. तेव्हापासून ३० दिवसांत मी एक दिवसही कमी करत नाही.

या महिन्यात त्यांना बरेच शिकायचेही असते. पहिल्यांदा मातीवर ठेवलेली कोंबडी एक पाय उचलून तशीच उभी राहते, कारण आजवर तिच्या नखांखाली तारच होती. नखे इतकी वाढून वळलेली असतात की ती सपाट जमिनीवर नीट टेकत नाहीत. टोकाकडचा थोडा थोडा भाग कापावा, आतली रक्तवाहिनी सांभाळावी. पाणी तिने निपलमधूनच, म्हणजे चोचीने दाबल्यावर थेंब सोडणाऱ्या नळीच्या तोंडातूनच, प्यायलेले असते, तेव्हा भांडे ओळखीचे होईपर्यंत दोन-तीनदा तिची चोच अलगद पाण्यात बुडवावी. बहुतेकींची चोच लहानपणीच कापलेली असते, म्हणून जमिनीवर फेकलेले दाणे त्यांना टिपता येत नाहीत. खोल भांड्यात, किंचित ओलसर केलेले लेअरचे (अंड्यांवरच्या कोंबड्यांचे तयार) खाद्य द्यावे. चोचीच्या याच अधूपणामुळे त्यांना अंगावरच्या उवाही काढता येत नाहीत. पंखाखाली आणि शेपटीच्या मुळाशी पिसे बाजूला करून रोज पाहावे, आणि धूळस्नानासाठी कोरडी माती व चाळलेली राख घमेल्यात भरून ठेवावी. गुऱ्हाळाच्या चुलाणाची राख चालते, मात्र ती पूर्ण थंड आणि कोरडी असावी.

फार्मवर त्यांना दिव्यांसह सुमारे १६ तास उजेड मिळत होता. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. त्यामुळे अंडी थांबतात आणि उरलीसुरली पिसेही झडतात. हा आजार नव्हे. पीस जवळजवळ प्रथिनांचेच बनते, तेव्हा या दिवसांत नुसत्या तांदळाच्या कण्या आणि मका यांवर भागवू नये. हातकणंगले-शिरोळ भागात याच सुमारास सोयाबीन घरात आलेले असते आणि कच्चे दाणेच पुढे टाकण्याचा मोह होतो; कच्च्या सोयाबीनमुळे प्रथिनांचे पचन बिघडते, म्हणून ते भाजून भरडावे किंवा सोयाबीनची पेंड वापरावी. शेंगदाण्याची पेंड चांगली, पण बुरशीचा वास आला तर एक मूठसुद्धा देऊ नये. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात सतत उपलब्ध असावा.

गादीसाठी भाताचे तूस उत्तम. उसाचे पाचट फुकट मिळते, परंतु दव लागून ओले झालेले पाचट बुरशी धरते आणि ती बुरशी कोंबडीच्या फुप्फुसात जाते. उघड्या अंगाच्या कोंबड्यांना पहाटेचा गारठा बाधतो, म्हणून वाऱ्याच्या बाजूस गोणपाट लावावे. वरची हातभर जागा मात्र हवेसाठी मोकळी राहिली पाहिजे.

महिना निर्धोक गेला की मधे जाळी घालून दोन्ही गट आठ-दहा दिवस शेजारी ठेवावेत, आणि खाण्याची भांडी जाळीच्या दोन्ही अंगांस जवळजवळ मांडावीत. मग एके दिवशी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, नव्यांना जुन्यांच्या दांडीवर नेऊन बसवावे. एकटी कोंबडी कधीही सोडू नये. किमान तिघी एकत्र असाव्यात. दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वी आपण तिथे हजर असावे. मानेची पिसे फुलवणे, पाठलाग, दोन-चार टोचण्या हे चालायचेच, आणि कळपाची उतरंड लागेपर्यंत त्यात हात घालू नये. रक्त दिसले, तर मात्र त्या कोंबडीला तत्काळ बाहेर काढावे, कारण लाल जखमेवर सगळा कळप तुटून पडतो. कोंबड्याला तर नव्यांच्या पाठीवर पिसे येईपर्यंत वेगळाच ठेवावा. उघड्या पाठीचे कातडे त्याच्या नखांनी फाटते. खाणे-पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवावे, उलटी डालगी आणि कडब्याच्या पेंढ्या आडोशाला मांडाव्यात, आणि मेथीची जुडी उंच टांगावी, म्हणजे चोची तिकडे गुंततात. रात्री प्रत्येक नवीचा गळा छातीच्या उजव्या अंगाला चाचपावा. तिथली पिशवी दाण्यांनी फुगलेली लागली, तर तिला खायला मिळते आहे. सलग दोन रात्री रिकामी लागली, तर तिला वेगळे काढून पुन्हा जाळीपासून सुरुवात करावी.

हिरवी पातळ विष्ठा, मान पिळवटणे, धाप लागणे किंवा एकाएकी मरतूक दिसल्यास दवाखान्यात लगेच कळवावे. मेलेली कोंबडी ओढ्यात टाकू नये आणि आजारी कोंबडी विकू नये. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले होते.

सुरुवातीचे पंधरा दिवस तिन्हीसांजेला मोजणी करावी. पिंजऱ्यातल्या कोंबडीला खुराड्यात परतायची सवय नसते. अंधार पडला की ती असेल तिथेच, बहुधा भिंतीच्या कडेला, दबून बसते आणि मुंगसाला किंवा रानमांजराला आयती सापडते. बॅटरी घेऊन शोधावे, उचलून दांडीवर बसवावे आणि दार लावून कडी घालावी.