मणका दाखवायला जाण्याआधी

कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हाताने दाब-झटका देऊन मणक्यांचे सांधे मोकळे करणाऱ्याकडे, जायचं ठरलं की आधी गोळ्या पिशवीत टाका. रोजच्या सगळ्या, स्ट्रिपसकट. मागच्या खेपेला आत्यांची मान दाखवायला गेलो तेव्हा एक्स-रे होता, एमआरआय होता, गोळ्या तेवढ्या कागलला घरी. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही. कायरोप्रॅक्टरनी मानेला हात लावला नाही, आणि योग्यच केलं. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांपैकी काही चालू असताना झटका दिला तर आत रक्तस्राव होण्याची भीती असते. स्टेरॉइड बरीच वर्षं घेतलं असेल तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, आणि ठिसूळ मणका दाबाखाली मोडतो. 'बीपीची पांढरी बारकी गोळी' एवढं सांगून भागत नाही. कापलेल्या तुकड्यावर नाव राहत नाही, डबीतल्या सुट्या गोळ्यांचं तर काहीच कळत नाही. अख्खी स्ट्रिप न्या.

जुने रिपोर्ट, सैल कपडे, हे सांगायला नको.

काही दुखण्यांत तिकडे जायचंच नाही. कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत सुटली, बैठकीचा भाग बधिर झाला, पाय लुळा पडत चालला, तर रात्रीचे दोन वाजलेले असले तरी कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल नाहीतर जवळचं मोठं हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघू नका. ताप, विनाकारण उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर, गाडीवरून पडणं, यांतलं काही असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा.

पदवी कुठली, हे स्पष्ट विचारा. अमेरिकेत डी. डी. पामर यांनी 1895 साली ही पद्धत सुरू केली आणि तिथे तिची स्वतंत्र, काही वर्षांची पदवी आहे. चार दिवसांचा कोर्स करून मणक्याला हात घालणारा वेगळा. तालमीत वस्ताद पैलवानाची चमक काढतात, त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण तिथे समोर विशीतलं पोरगं असतं. पासष्टीच्या बाईची मान तशी वळवायची नसते.

'कट्' आवाज झाला म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला, असं नाही. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. मान, पाठ, कंबर मिळून 24 हलते मणके, त्यांच्यामधले सांधे मोकळे करणं एवढाच या उपचाराचा आवाका. साध्या कंबरदुखीला थोडाफार उतार पडतो, साधारण फिजिओच्या व्यायामाइतकाच. मणका बसवून शुगर किंवा दमा घालवतो म्हणणाऱ्यासमोरून सरळ उठा.

मानेचा झटका नको असेल तर तसं आधीच सांगा. क्वचितच, पण मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. हलक्या हाताच्या पद्धतीही असतात, त्या मागता येतात. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यांनी विचारायची वाट बघू नका, खुर्चीत बसल्या बसल्या स्ट्रिप टेबलावर ठेवा. बरोबर आलेल्या माणसालाही गोळ्यांची नावं पाठ हवीत, कारण दुखणाऱ्याला त्या घडीला काही आठवत नाही.

नंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते चालतं. चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, अचानक भयंकर डोकेदुखी हे चालत नाही, लगेच हॉस्पिटल. त्या दिवशी जोर-बैठका बंद, खड्ड्यातून स्कूटर नको. पॅकेजचे पैसे आगाऊ भरू नका. महिन्याभरात फरक नाही पडला तर थांबा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.