वसंतातल्या वाफ्यासाठी बेलिस डेझी: या चुका टाळा

ब्रिटनमध्ये मार्च ते मे या काळात ट्यूलिपच्या पायाशी फुलणारी बुटकी, गोंडेदार डेझी म्हणजे बेलिस पेरेनिस. ती नीट फुलली नाही की आपण थंडीला दोष देतो. चूक बहुतेक वेळा आदल्या उन्हाळ्यातच झालेली असते.

वसंतात फुलं हवीत म्हणून वसंतातच बी टाकू नका. जून-जुलैत पेरा, म्हणजे हिवाळ्याआधी रोपं भरतात. बी अगदी बारीक असतं, त्यामुळे खोल पुरलं की गेलंच. पेरणीच्या ओल्या माती-मिश्रणावर नुसतं भुरभुरवून वर व्हर्मिक्युलाइटचा (ओल धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) पातळसा थर द्या. १५ ते २० अंश सेल्सिअसला दोनेक आठवड्यांत उगवतं. जुलैत तापलेल्या काचघरात ट्रे ठेवलात तर उगवण घटते. बाहेर सावलीत ठेवा. दाट पेरलं आणि वरून पाणी मारत राहिलं, तर कोवळी रोपं बुडाशी कोलमडतात.

पुनर्लागण सप्टेंबरमध्ये, फार तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, १५ सेंटिमीटर अंतरावर करा. इथे उशीर सर्वांत महागात पडतो. मुळं धरलेली नसताना जमीन गोठून फुगते आणि रोपाला वर उचलते; बर्फ वितळला की माती खाली बसते, रोप मात्र मुळं उघडी टाकून वरच राहतं. अशी रोपं दिसली की त्याच दिवशी बोटांनी घट्ट दाबून बसवा. पानांचा झुपका मातीच्या पातळीवरच असू द्या. गाभा मातीत गाडला गेला तर पाणी साचून कुजतो. चिकणमाती असेल तर आधी कंपोस्ट मिसळा, पण नत्रयुक्त खताचा मारा नको: पानं माजतात, फुलं कमी येतात, शिवाय लुसलुशीत पानांवर गोगलगायी तुटून पडतात.

ट्यूलिप सोबत हवे असतील तर आधी डेझी लावा, कंद नंतर मधल्या जागेत. उलट केलंत तर खुरपं कंदात घुसतं.

पान उलटून पाहा. खाली नारिंगी पुटकुळ्या असतील तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग. ती पानं खुडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, आणि पाणी बुडाशी द्या.

सुकलेलं फूल नुसतं वरून तोडू नका, देठ पार बुडाशी चिमटा. बी पडू दिलंत तर पुढची रोपं हिरवळीत पसरतात आणि फुलंही बहुधा साधी, एकेरी येतात.

पुणे-नाशिककडे हे वेळापत्रक चालत नाही. तिथे ऑक्टोबरमध्ये पेरा, कारण मार्चचं ऊन लागलं की झाड थकतं.