थंड समुद्रातल्या तेलगळतीचं मूल्यमापन: या चुका टाळा

२४ मार्च १९८९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, ‘एक्सॉन व्हॅल्डीझ’ हा टँकर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातात, ब्लाय रीफ या बुडालेल्या खडकावर चढला. सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं आणि जवळजवळ २,१०० किलोमीटर किनाऱ्याला लागलं. थंड किनाऱ्यावर तेल काय करतं, याबद्दल आज खात्रीने जे सांगता येतं, त्यातला मोठा भाग या एका अपघातानंतर वर्षानुवर्षं चाललेल्या पाहण्यांतून आला आहे. म्हणून इथली बहुतेक उदाहरणं तिथलीच आहेत.

आपल्याकडच्या अभ्यासकांची नजर उष्ण किनाऱ्यावर तयार होते. २०१० मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’च्या टकरीनंतर तेल खारफुटीत शिरलं, पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येतात, आणि आपला अनुभव तिथे घडतो. पण भारताचं ध्रुवीय संशोधन केंद्र गोव्यातच, वास्कोला आहे. नॉर्वे-कॅनडात सागरी पर्यावरण शिकणारी मराठी मुलंही आहेत. उष्ण पाण्यातले आडाखे तिकडे तसेच्या तसे लावले, तर अहवालच चुकतो.

किनारा स्वच्छ दिसतोय, म्हणून पाहणी थांबवणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच.

थंडीत खोबरेल बाटलीत थिजतं, तसं कच्चं तेलही थंड पाण्यात घट्ट होतं. त्यातले हलके घटक सावकाश उडतात आणि जिवाणूंचं कामही मंदावतं. थंडीला सरावलेले तेलखाऊ जिवाणू असतात, पण त्यांना प्राणवायू आणि नायट्रोजन लागतो. गोट्या-खड्यांच्या थराखाली गाळात अडकलेल्या तेलापर्यंत या दोन्ही गोष्टी पुरेशा पोचत नाहीत. वरचे मोठे गोटे चिलखतासारखे बसलेले असल्यामुळे लाटाही आतपर्यंत ढवळत नाहीत.

२००१ मध्ये, म्हणजे गळतीनंतर १२ वर्षांनी, अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यदृच्छेने निवडलेल्या किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणले. निम्म्याहून अधिक ठिकाणी तेल सापडलं. काही खड्ड्यांतलं तेल तर नुकतंच सांडल्यासारखं ओलं होतं. वरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नव्हतं. शिवाय तेल भरतीरेषेजवळच्या वरच्या पट्ट्यात असेल अशी अपेक्षा होती, पण ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खालच्या पट्ट्यातही ते अंदाजापेक्षा जास्त निघालं. शिंपले आणि शिंपल्यांवर जगणारे प्राणी असतात ते नेमके त्याच पट्ट्यात.

म्हणून खणा. खड्ड्यांच्या जागा आधीच यदृच्छेने ठरवा, ‘इथे असेल असं वाटतं’ म्हणून निवडू नका. उधाणाच्या मोठ्या ओहोटीच्या तारखा धरून वेळापत्रक आखा, नाहीतर खालचा पट्टा हातून सुटतो. आणि पहिल्याच प्रस्तावात दहा-पंधरा वर्षांनंतरच्या फेरपाहणीसाठी तरतूद मागा. दोन वर्षांच्या निधीवर थंड किनाऱ्याचं मूल्यमापन पूर्ण होतच नाही, हे निधी देणाऱ्यांना स्पष्ट सांगणं अभ्यासकाचं काम आहे असं मी मानतो.

पाण्याचा नमुना स्वच्छ आला, म्हणजे धोका टळला असं धरणं

जुनी पद्धत अशी की मासा चार दिवस तेलमिश्रित पाण्यात ठेवायचा आणि किती मरतात ते पाहायचं. त्यावरून सुरक्षित पातळी ठरे, आणि ती दशलक्षात काही भाग अशी असे. प्रिन्स विल्यम साउंडने ही पद्धत तोकडी ठरवली. तिथले गुलाबी सॅमन मासे ओढ्यांच्या मुखाशी, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खड्यांत अंडी घालतात. ती अंडी महिनोन्‌महिने तिथेच राहतात. आजूबाजूच्या गाळातून पाझरणाऱ्या बहुवलयी हायड्रोकार्बनांचं, म्हणजे पीएएच या तेलातल्या विषारी संयुगांचं प्रमाण अब्जात एक-दोन भाग इतकं असलं, तरी भ्रूणांचं नुकसान होतं, असं प्रयोगांत दिसलं. हेरिंग माशांच्या अंड्यांचंही तेच. हृदयाची घडण बिघडते, शरीरात पाणी साठतं. पिल्लू त्या दिवशी मरत नाही, पण पुढे समुद्रात तगत नाही.

तेल जुनं झालं की निरुपद्रवी होतं, हा समज इथेच मोडतो. हलके घटक निघून गेल्यावर उरलेल्या तेलात तीन-चार वलयांच्या पीएएचचा वाटा वाढतो आणि भ्रूणांना तेच जास्त बाधतात.

एका बाटलीतल्या पाण्यावर निष्कर्ष काढू नका. मसल जातीच्या शिंपल्यांच्या मांसाची तपासणी करा, कारण ते सतत पाणी गाळत असतात आणि त्यांच्या अंगात साठलेलं प्रमाण कित्येक दिवसांचा हिशेब देतं. जमेल तिथे पाण्यात आठवडेभर राहणारे निष्क्रिय नमुनासंग्राहक, म्हणजे पाण्यातली प्रदूषकं आपोआप शोषून साठवणारी साधनं, लावा. आणि चाचणी प्रौढ माशावर नको, अंड्यावर करा.

मेलेले पक्षी मोजून थांबणं

गळतीनंतर ३५,००० हून अधिक पक्ष्यांचे आणि सुमारे १,००० समुद्री पाणमांजरांचे मृतदेह गोळा झाले. प्रत्यक्ष मृत्यूंचा प्रचलित अंदाज मात्र सुमारे २,५०,००० पक्षी आणि २,८०० पाणमांजरं असा आहे. बहुतेक देह बुडतात, वाहून जातात किंवा गरुड-कोल्हे खातात. किनाऱ्यावरचा आकडा किमान आकडा म्हणूनच छापावा. त्याला गुणायचा गुणक मृतदेह वाहण्याच्या आणि सापडण्याच्या प्रयोगांवरून काढावा, दुसऱ्या समुद्रातला उसना घेऊ नये.

थंड पाण्यात आणखी एक गोष्ट घडते. समुद्री पाणमांजराच्या अंगाखाली सीलसारखा चरबीचा थर नसतो. दाट केसांत अडकलेली हवा हीच त्याची ऊब. पक्ष्यांचं पिसांच्या बाबतीत तसंच. छोटासा डाग लागला तरी तिथून गार पाणी आत शिरतं आणि प्राणी गारठून मरतो. ‘अंगाचा किती भाग माखला’ हा उष्ण किनाऱ्यावरचा निकष इथे नुकसान कमी दाखवतो.

सफाईचं नुकसान तेलाच्या खात्यावर टाकणं

१९८९ च्या उन्हाळ्यात किनारे सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्याने, मोठ्या दाबाने धुतले गेले. तेलातून वाचलेले बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचधारी जीव), शंख आणि शेवाळ त्यात शिजून गेले. बारीक गाळ खालच्या पट्ट्यात वाहून गेल्यामुळे शिंपल्यांची वस्ती परतायलाही फार वेळ लागला. नशिबाने काही पट्टे मुद्दाम न धुता राखून ठेवले होते, म्हणूनच ही तुलना करता आली. फ्यूकस हे तपकिरी शेवाळ धुतलेल्या खडकांवर एकाच वेळी उगवलं, एकाच वयाचं झालं आणि काही वर्षांनी एकदमच झडलं. ज्यांनी मधल्या हिरव्यागार वर्षात पाहणी केली, त्यांना किनारा सावरल्यासारखा वाटला असणार.

राखीव पट्टा न ठेवता सफाई सुरू होत असेल, तर पहिल्याच दिवशी लेखी आग्रह धरा. तो पट्टा नंतर तयार करता येत नाही.

सापडलेलं सगळं तेल एकाच जहाजाचं मानणं

प्रिन्स विल्यम साउंडच्या किनाऱ्यांवर डांबराच्या अशा गोळ्याही सापडल्या ज्यांचा टँकरशी संबंधच नव्हता. १९६४ च्या मोठ्या भूकंपात जुन्या व्हॅल्डीझ गावातल्या साठवणटाक्या फुटल्या होत्या आणि कॅलिफोर्नियातून आलेलं डांबर समुद्रात गेलं होतं. कार्बनच्या समस्थानिकांवरून आणि होपेनसारख्या चिवट रेणूंवरून ते वेगळं ओळखता आलं.

एकूण हायड्रोकार्बनचा एकच आकडा देणाऱ्या चाचणीवर विसंबू नका. पीट (दलदलीतली अर्धवट कुजलेली झाडं), शेवाळ, कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जीवांतलं मेण यांचीही त्यात भर पडते. नमुन्याचं रासायनिक ‘बोटांचे ठसे’ तपासणारं विश्लेषण करून घ्या.

आकडे जुळत नसतील तर

किनारा स्वच्छ आहे, पण पाणमांजरांची संख्या वाढत नाही? साउंडमधल्या नाइट बेटाच्या उत्तर भागात हेच झालं. तिथे पाणमांजरं शिंपल्यांसाठी गाळ उकरत होती आणि पुरलेलं तेल अंगावर घेत होती. अशा वेळी प्राण्यांच्या रक्तात किंवा यकृतात सीवायपी१ए या विकराची (एन्झाइमची) पातळी तपासा. तेलाशी आजही संपर्क आहे का, हे त्यातून कळतं. हार्लेक्विन बदकांत ही पातळी दोन दशकं चढी राहिली.

माशांचा साठा कोसळला, पण काही वर्षांनी? साउंडमधले हेरिंग १९९३ मध्ये कोसळले. रोग, उपासमार, तेल, सगळ्यांवर वाद झाले. १९७० च्या दशकात उत्तर पॅसिफिकचं तापमानचक्रच बदललं होतं आणि त्याचाही परिणाम माशांवर होत होता. इथे ‘तेलामुळे’ किंवा ‘तेलामुळे नाही’ असं एका ओळीत लिहू नका. प्रत्येक कारणाच्या बाजूने आणि विरुद्ध काय पुरावा आहे ते मांडा.

बर्फाखाली तेल सापडत नाही? वाढत्या बर्फात ते काही दिवसांत बंदिस्त होतं आणि वसंतात खारट पाण्याच्या नळ्यांतून वर येतं. पक्षी आणि सील बर्फातल्या मोकळ्या फटींत जमतात तोच हा काळ. तेव्हा पुन्हा जा.

शेवटी, ‘परिसंस्था सावरली’ असं एक वाक्य अहवालात घालू नका. नुकसानभरपाईतून स्थापन झालेली विश्वस्त परिषद प्रत्येक प्रजातीची स्थिती वेगळी नोंदवते. समुद्री पाणमांजरं आणि हार्लेक्विन बदकं सावरल्याची नोंद व्हायला पाव शतक लागलं. एटी-१ या ओर्कांच्या (किलर व्हेलच्या) कळपात गळतीपूर्वी २२ प्राणी होते, नंतर त्यातले नऊ दिसेनासे झाले, आणि १९८४ नंतर त्या कळपात एकही पिल्लू जन्माला आलेलं नाही. एकाच गळतीच्या एकाच अहवालात या दोन्ही नोंदी स्वतंत्र रकान्यांत असायला हव्यात.